ससा, सर्पगंधा आणि आजोचो उंबरो

पाचवीत असताना मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुयलीची कुसळं टाकणारा मी नव्हतो, टाकणारा माझा चुलतभाऊ होता, पण शेंग आमच्या गडग्यावरची (दगडी कुंपणावरची) होती हे अख्ख्या वाडीला माहीत असल्यामुळे मार दोघांनीही खाल्ला. घरी आल्यावर कळलं की कुसळं आपल्याही कॉलरमध्ये गेलीयत. मग काकीने न्हाणीपाशी उभं करून अंगाला शेण चोळलं आणि वर दोन शिव्या घातल्या. खाजकुयली म्हणजे माझ्यासाठी कितीतरी वर्षं एवढंच होतं, खाज आणि शेण.

त्याच गडग्याच्या दुसऱ्या टोकाला फणसाच्या सावलीत सर्पगंधा होती. गुडघ्याएवढं झुडूप, पांढऱ्या फुलांचे गुच्छ पण देठ लालभडक, मग काळी होत जाणारी इवली फळं. मुद्दाम बघायला जावं असं काही नाही. पण गवत काढणाऱ्या बायांना आजो, म्हणजे आजोबा, दरवर्षी पडवीतून ओरडायचा, "तकडे कोयतो लावू नको गो!" कारण मुळी कामाची. साप चावला तर ही मुळी, कोणाला रात्ररात्र झोप नाही तर हीच मुळी, कोणाचं डोकं फिरलं तरी हीच. सापाचं आत्ताच सांगून टाकतो, साप चावला तर सरळ सरकारी दवाखाना गाठा, मुळीबिळीत वेळ घालवू नका. झोपेचं आणि डोक्याचं मात्र जुनी माणसं उगाच म्हणत नव्हती.

आजोची गोष्ट अशी की मुंगूस नागाशी भिडायच्या आधी ही मुळी खाऊन येतं आणि म्हणून त्याला विष बाधत नाही. मुंगूस खरंच खातं का? मी कधी बघितलं नाही, बघितलेला माणूसही भेटला नाही. मुंगूस जिंकतं ते चपळाईवर, आणि त्याच्या स्नायूंवर नागाचं विष जिथे चिकटायला हवं ती जागाच जराशी वेगळी असते म्हणून. पण गोष्टीतली पद्धत बघा ना, जनावर काय करतं ते बघायचं आणि त्यावरून झाड ओळखायचं. हिमालया कंपनी स्वतःच्या सुरुवातीची गोष्ट सांगते तीही अशीच, की तिचे संस्थापक मोहम्मद मनाल यांनी ब्रह्मदेशाच्या जंगलात बिथरलेल्या हत्तींना कसलीतरी मुळी खायला घालून शांत करताना बघितलं, ती मुळी सर्पगंधेची निघाली आणि १९३४ साली त्यांची सर्पिना गोळी बाजारात आली.

मी एम.फार्म. केलं, विषय फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध अंगात जाऊन काय करतं त्याचा अभ्यास. आता कुडाळच्या बाजूला माझं मेडिकल आहे, त्यामुळे संशोधक वगैरे म्हणू नका. पण ती दोन वर्षं मी उंदरांबरोबर काढली आणि त्या दोन वर्षांतलं काहीतरी डोक्यातून अजून गेलेलं नाही, ते लिहायला बसलोय.

सर्पगंधेचं झालं असं. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की हे झाड वेडावर आणि ब्लडप्रेशरवर चालतं. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून स्फटिक वेगळे काढले, एकाला आपल्या हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन म्हटलं. केमिस्ट लोकांचं स्फटिकांवर प्रेम असतं, पांढरं चमकदार काहीतरी फ्लास्कच्या तळाशी बसलं की सगळे खूश. गंमत अशी की झोप आणणारा गुण त्या स्फटिकांत नव्हताच, तो उरलेल्या चिकट राळेत होता, जी धुताना फ्लास्कला चिकटते आणि शिव्या खाते. पुढे १९४९ मध्ये मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लडप्रेशरच्या पेशंटवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, जग जागं झालं, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लोकांनी त्या राळेतूनच रेसरपिन काढलं. जनावराला टोचा, ते गप्प होतंय का बघा, ज्या भागाने गप्प होतं तो भाग ठेवा, बाकीचा बाजूला, उरलेल्याचे पुन्हा भाग करा. आंब्याच्या पेटीला वास येतोय पण नासका कुठला ते कळत नाही, मग अर्धी पेटी इकडे अर्धी तिकडे करत जातो ना, तसंच. इथे वास घेणारं नाक म्हणजे जनावर.

आणि मग १९५७. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे पडून राहिले, कान खाली, हाक नाही की हालचाल नाही, जिवंत आहेत पण हलत नाहीत. तेव्हा सगळ्यांचं लक्ष सेरोटोनिन या मेंदूतल्या द्रव्यावर, म्हणून आधी सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते देऊन बघितलं, ससे ढिम्म. मग डोपा दिलं, म्हणजे डोपामिन ज्यापासून बनतं ते. थोड्याच वेळात ससे उठले, कान वर, पळायला लागले. त्या सशांचे आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत आणि मी आयुष्यात बघितलेल्या सायन्सच्या फोटोंतले तेच मला सगळ्यात जास्त आठवतात. मेंदूतला डोपामिन (हालचालीचा निरोप नेणारं द्रव्य) ठेवायचा डबा रेसरपिनने रिकामा होतो आणि डोपा गेलं की डोपामिन पुन्हा तयार होतं, ही समज त्यातून आली. त्यातून पुढे पार्किन्सन्सचा म्हणजे कंपवाताचा उलगडा झाला, व्हिएन्नाला १९६१ मध्ये पेशंटना लेव्होडोपा (तेच डोपा, औषध म्हणून वापरतात त्या रूपातलं) टोचून बघितलं, १९६७ मध्ये कोट्झिआस यांनी मोठ्या डोसने तोंडावाटे द्यायची रीत बसवली, आणि कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

हे वाचत होतो तेव्हा हॉस्टेलच्या कॉटवर लोळत होतो. पुढच्या पानावर लेव्होडोपा निसर्गात कुठे सापडतं ते दिलं होतं. १९१३ साली गुगेनहाइम नावाच्या केमिस्टने ते परदेशी वालाच्या जातीतल्या शेंगांतून काढलं (आणि गड्याने स्वतःच अडीच ग्रॅम खाऊन बघितलं आणि ओकला), आणि १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते काढलं म्युकुना प्रुरिएन्सच्या बियांतून. म्युकुना प्रुरिएन्स म्हणजे खाजकुयली. मी उठून बसलो. कार्लसनचं डोपा काही खाजकुयलीतून आलेलं नव्हतं, ते कारखान्यातलंच, पण द्रव्य तेच. म्हणजे सशाला पाडणारं झाड आमच्या गडग्याच्या एका टोकाला आणि उठवणारं दुसऱ्या टोकाला, मध्ये वीस पावलं आणि एक फणस. एका झाडावरून आजो ओरडायचा आणि दुसऱ्यावरून मी मार खाल्ला होता.

कॉटवर उठून बसायचं आणखी एक कारण होतं. त्याच वर्षी आजोला कंपवात निघाला.

तो आधी काकीने पकडला. डॉक्टरने नंतर. काकी म्हणाली, "सुपारी कातरताना हात थरथरणा नाय रे, नुसतो मांडयेर ठेवलो काय थरथरता." आता हे वाक्य मी तीन पुस्तकांत शोधून काढलं, तिन्ही पुस्तकांत हेच लिहिलेलं, की म्हातारपणाची साधी थरथर काम करताना वाढते आणि पार्किन्सन्सची थरथर हात रिकामा असताना दिसते. काकी सातवी शिकलेली. आजोची सही बारीक बारीक होत चाललीय हेही तिनेच बघितलं, पोस्टातल्या पुस्तकावर. आणि चालताना त्याचा एक हात हलत नाही हे. तिने त्याला कसलं नाव दिलं नव्हतं. नुसती यादी केली होती, मनात.

इकडे मी काय करत होतो ते सांगतो. माझ्या थिसिसचा विषय होता लाजाळूच्या पानांचा अर्क उंदराची चिंता कमी करतो का. लाजाळू का, तर लाजाळू फुकट मिळते आणि लिटरेचर भरपूर आहे, यापेक्षा मोठं कारण कोणाकडे नव्हतं. पानं सावलीत वाळवली, दळली, सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात अल्कोहोलने अर्क काढला, वॉटर बाथवर आटवली, शेवटी काकवीसारखा काळा हिरवट गोळा हातात आला. स्विस अल्बिनो उंदीर, वीस ते पंचवीस ग्रॅमचे, साळीच्या तुसावर ठेवलेले, त्या खोलीचा वास कपड्यांना आणि जेवणाला दोन वर्षं. कोणता उंदीर कोणता ते कळावं म्हणून पिकरिक अ‍ॅसिडने पिवळे ठिपके, डोक्यावर एक, पाठीवर एक, शेपटीला एक, आणि माझी बोटं हळदी लागल्यासारखी पिवळी, मित्र विचारायचे लग्न कधी.

टेस्ट म्हणजे प्लस मेझ. अधिक चिन्हाच्या आकाराची प्लायची पाटी, जमिनीपासून पन्नास सेंटिमीटर वर, दोन हातांना भिंती, दोन उघडे. उंदीर मधोमध ठेवायचा आणि पाच मिनिटं बघायचं. घाबरट उंदीर भिंतींच्या आड बसतो, डायझेपाम (चिंतेवरचं नेहमीचं औषध) दिलेला उंदीर उघड्यावर फिरतो, खाली डोकं काढून वाकून बघतो. उघड्यावर किती सेकंद काढले ते स्टॉपवॉचवर मोजायचं, एका हातात वॉच, एका हातात पेन, श्वास रोखून. सहा उंदरांना नुसतं पाणी आणि ट्वीन (अर्क पाण्यात मिसळावा म्हणून घालतात ते), सहांना डायझेपाम, सहांना अर्क दोनशे मिलिग्रॅम किलोमागे, सहांना चारशे. चारशे म्हणजे काय ते जरा माणसात बघूया, उंदराचा डोस माणसात आणायला साधारण १२.३ ने भागतात, म्हणजे किलोमागे बत्तीस-तेहतीस मिलिग्रॅम, साठ किलोच्या माणसाला जवळजवळ दोन ग्रॅम तो काळा गोळा. पानं किती लागतील ते तुम्हीच धरा, टोपलीभर. हा हिशोब आम्हाला कोणी करायला लावला नाही, मी मेडिकलवर बसून मागाहून केला.

तर जुलै महिना. बाहेर असा पाऊस की दुपारी बाराला संध्याकाळ. तेव्हाचं लोडशेडिंग आठवत असेल, आमच्याकडे त्या आठवड्यात अकरा ते दोन. चारशेचा ग्रुप मी घ्यायला आणि लाइट जायला एकच गाठ. जनरेटर होता पण तो ऑफिससाठी. प्राण्यांना खाऊ-पाजू घालणारे मामा म्हणाले थांब दोन वाजेपर्यंत, पण डोस देऊन झाला होता, तासाभराने टेस्ट घ्यायचीच असते, म्हणून मी खिडकीच्या उजेडात घेतली. आणि उंदीर उघड्यावर! एक नाही, सहापैकी पाच. शेपटीवर ठिपका असलेला तर उघड्या हाताच्या अगदी टोकाला जाऊन बसला आणि तिथे मजेत तोंड धूत बसला, पुढचे पाय नाकावरून फिरवत, जसं काही ती त्याची पडवी. मी आकडे घातले, पी ०.०५ च्या खाली (म्हणजे नुसत्या योगायोगाने असं दिसायची शक्यता वीसात एकापेक्षा कमी), रात्री कॅन्टीनमध्ये सगळ्यांना मिसळ.

दोन दिवसांनी झोपेतून उठताना डोक्यात आलं, की अरे काळोखात उंदीर असाही बाहेर येतो. तो निशाचर आहे. घरातला उंदीर कधी फिरतो, लाइट गेल्यावर. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या कमिटीने तीस उंदरांची परवानगी दिली होती, चोवीस वापरले होते, सहा शिल्लक होते. त्यांना नुसतं पाणी आणि ट्वीन पाजलं, अकरा वाजायची वाट बघितली, लाइट गेली. चौघे उघड्यावर.

सरांकडे गेलो. सर वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे आठ विद्यार्थी आणि सबमिशनला तीन आठवडे. म्हणाले, "आलंय ना? डोस डिपेंडंट आलंय ना? मग?" (डोस वाढवला की परिणाम वाढतो, असं.) आणि मी तो ग्रुप थिसिसमध्ये तसाच ठेवला. हे कोणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहितोय. पेपर छापायला दिला नाही हा त्यातल्या त्यात शहाणपणा. पण थिसिस त्या लायब्ररीत आहे, त्यावर सोनेरी अक्षरं आहेत आणि आत लिहिलंय की लाजाळूने चिंता कमी होते. कदाचित होतही असेल. माझ्या उंदरांनी तसं सांगितलेलं नाही, त्यांनी एवढंच सांगितलं की काळोख झाला.

मी बघितलं काय, तर उंदीर बाहेर आला. लिहिलं काय, तर चिंता कमी झाली. सगळा घोळ या दोन वाक्यांच्या मध्ये आहे आणि तो माझ्यापुरता नाही.

उदाहरणार्थ पोहायची टेस्ट. १९७७ मध्ये पोरसोल्ट यांनी आणली, जगभर हजारो वेळा केली गेली, आमच्या बाजूच्या टेबलावर रोज चालायची. उंदराला पाण्याच्या उभ्या भांड्यात सोडायचं जिथून बाहेर येता येत नाही. थोडा वेळ तो हातपाय मारतो, मग नुसता तरंगतो. तरंगला की लिहायचं निराशा. डिप्रेशनची औषधं दिली की जास्त वेळ हातपाय मारतो, म्हणून जे झाड हातपाय मारायला लावतं ते डिप्रेशनवर चांगलं. आता मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. पाठीला सुका भोपळा बांधून आजोने पाण्यात ढकललं आणि पहिली गोष्ट शिकवली ती हातपाय मारायची नाही, उताणं पडून राहायची. दम गेला की उताणो पड, विहीर बुडवणा नाय, धडपड बुडवता, असं तो म्हणायचा. त्या उंदराने काही मिनिटांत जे ओळखलं ते आम्हाला एक मे महिना लागला. त्याला निराश म्हणायचं? आता बऱ्याच लोकांनी या टेस्टवर हाच आक्षेप घेतलाय, कंपन्याही ती सोडायला लागल्यात. औषधाने उंदराचं वागणं बदलतं हे खरं आहे, खोटं काही नाही, फक्त जे बदललं त्याचं नाव आपण घाईने ठेवलं.

याच्या उलट एक माणूस मला फार आवडतो, कनेक्टिकट युनिव्हर्सिटीचे मलोन. त्यांनी रोबिशॉ यांच्याबरोबर १९६२ मध्ये एक पद्धत लिहिली, हिपोक्रॅटिक स्क्रीन म्हणून, शुद्ध द्रव्यं आणि कच्चे अर्क दोन्हींसाठी. अमुक रोगावर चालतं का असं विचारायचंच नाही. उंदराला अर्क द्यायचा आणि जे जे दिसतं ते सगळं लिहायचं, पापण्या मिटल्या का, शेपूट ताठ का, कानाचा रंग, श्वास, पकड, चिमटा काढला तर काय, उलटा ठेवला तर सरळ होतो का, लाळ, थरथर. नाव मागाहून. बाहुल्या मोठ्या, शेपूट वर असं काही जुळून आलं की ओळखीच्या औषधांच्या यादीशी ताडून बघायचं, चेहरा कुणासारखा दिसतो ते. हिपोक्रॅटिस म्हणजे तो ग्रीक वैद्य, पेशंटच्या बाजूला बसून नुसतं बघणारा.

आमच्याकडे हे काम बाळाच्या बाजूला बसून चालतं. बाळघुटीत वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, हळकुंड, जायफळ सहाणेवर उगाळतात, आणि जायफळाचा हिशोब वेढ्यांत, आज एक वेढा, रडलं तर उद्या दीड. काकीने आमच्या मुलीला एकदा जायफळाचा जास्तीचा वेढा दिला आणि नंतर दोन तास तिच्याजवळून उठली नाही. पापणी उचलून बघ, तळवा दाबून बघ, गालावर टिचकी, श्वास मोज. मी म्हटलं काकी झोपलीय ती, झोपू दे. म्हणाली, "झोपलीहा काय निजवलंहंय ता बघतंय." झोपणं वेगळं आणि निजवलं जाणं वेगळं, हा फरक करणारं मशीन आमच्या लॅबमध्ये नव्हतं. (जायफळ जास्त झालं तर विषारी आहे हां, आणि बाळाला उगाळून काहीही देण्याआधी डॉक्टरला विचारा, मी मेडिकलवाला आहे, हे म्हणणं माझं कामच आहे.)

हल्ली काम उंदरांवरून माशांवर आलंय. झेब्रा डॅनियो, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात दहा-वीस रुपयाला मिळतो तो पट्ट्यापट्ट्यांचा, मूळचा आपल्याच भारतीय उपखंडातल्या ओहोळांतला. त्याची पिल्लं चार मिलिमीटरची, एका प्लेटमध्ये शहाण्णव खळगे, प्रत्येक खळग्यात पिल्लू, वर कॅमेरा. अर्क पाण्यातच टाकायचा, सुई नको काही नको, आणि लागतोही चिमूटभर, ही झाडांच्या बाबतीत मोठीच सोय कारण वेगळं काढलेलं द्रव्य कधीकधी कणभरच असतं. मला यात आवडलेलं काम हळदीचं. बेल्जियमच्या ल्यूवनमधल्या गटाने २०१२ मध्ये छापलं. पिल्लांना आधी फिट येईल असं द्रव्य द्यायचं, ती गरगर फिरतात, मग हळदीचा अर्क दिलेल्यांची गरगर कमी होते का बघायचं. झाली. सगळ्यांना वाटलं हे पिवळ्या कर्क्युमिनमुळे, तर ते नुसत्या कर्क्युमिनने भागत नव्हतं. मग तीच आंब्याची पेटी, भाग करत करत मासे सांगतील तिकडे जायचं, आणि हाताला लागली तेलातली द्रव्यं, बिसाबोलीन जातीची, जी पुढे उंदरातही चालली. पुन्हा बघा, रंग ज्याला त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, आणि त्याच्या मागे गप्प बसलेलं तेल. हे मी काकीला सांगितलं तर तिला त्यात विशेष काही वाटलं नाही, पातोळ्यांना हळदीच्या पानाचा जो वास लागतो तो काय पिवळ्या रंगाचा असतो का म्हणाली.

कॅमेरा आला म्हणजे माझ्यासारखा स्टॉपवॉचवाला गेला, आणि बरंच झालं. २०१० च्या आसपास हार्वर्डच्या लोकांनी चौदा हजार द्रव्यं अशी माशांच्या भ्रूणांवर तपासली, उजेडाचा झोत मारला की ते कसे दचकतात एवढंच बघून. अमेरिकेत एका कंपनीने उंदरासाठी पेटीच बनवलीय, कॅमेरे आणि सेन्सर लावलेली, उंदीर आत काय काय करतो ते सगळं कॉम्प्युटर टिपतो आणि त्याला चिंता-निराशा असली नावं न ठेवता ओळखीच्या औषधांच्या ठशांशी ताडतो. म्हणजे मलोनच, फक्त न थकणारा. त्यातून उलोटारोंट नावाचं स्किझोफ्रेनियाचं औषध निघालं, झाडातलं नाही पण रस्ता हाच, आधी वागणं दिसलं आणि ते मेंदूत नेमकं कुठे लागतं ते नंतर कळलं. मोठी आशा होती. २०२३ मध्ये शेवटच्या टप्प्याच्या दोन ट्रायल पडल्या, कारण खोटी गोळी घेतलेले पेशंटसुद्धा बरेच सुधारले. उंदराला कोणी सांगत नाही की हे नवीन औषध आहे बरं का. माणसाला कोणी न सांगताही कळतं.

आता माझ्या काउंटरवरचं. आठवड्याला एकजण तरी येतो मोबाइल पुढे करून, कवचबीज (खाजकुयलीचं बी) पावडर आहे का, कंपवातावर चालते असं फॉरवर्ड आलंय. चालते, खोटं नाही. २००४ मध्ये लंडनला आठ पेशंटवर ट्रायल झाली, तीस ग्रॅम खाजकुयलीच्या बियांची बनवलेली पूड विरुद्ध नेहमीची गोळी, पूड लवकर लागू झाली आणि जास्त वेळ टिकली. पण ती मोजून मापून बनवलेली, आणि समोर डॉक्टर. बाजारातल्या डबीत लेव्होडोपा किती ते डबीडबीला वेगळं. पेशंट आधीच सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपाची गोळी, घेत असतो, वर ही पूड, मग हात थरथरायचे थांबतात आणि नाचायला लागतात, मान वाकडी, जीभ बाहेर. मी पूड ठेवतो, पण सिंडोपाची चिठ्ठी असेल तर देत नाही, न्यूरोलॉजिस्टला विचारून या म्हणतो. गिऱ्हाईक रागावतं, बाजूच्या दुकानात जातं.

आजोला सिंडोपा चालू झाली तेव्हा पहिला महिना जादू होती. मी सुट्टीला आलो तर खळ्यात बसून सोलाण्यावर नारळ सोलत होता. सशाचा फोटो आठवला, कान वर. मग वर्षा-दोन वर्षांत डोसचा असर लवकर उतरायला लागला आणि एक नवीन प्रकार चालू झाला. चालता चालता अडकायचा. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. विशेषतः माजघराच्या उंबऱ्यापाशी आणि पडवीत वळताना. आम्ही हात धरून ओढायचो, तो आणखी अडकायचा, कपाळाला घाम. डॉक्टर म्हणाले होतं असं, डोस वाढवून बघू.

काकी काही बोलली नाही, चारेक दिवस नुसती बघत होती. मग चवथीच्या दिवशी, सगळे आरतीला माजघरात जमलेले, टाळ चालू झालेले, आणि आजो पडवीत उंबऱ्याच्या एक हात अलीकडे उभा, देवाकडे बघतोय आणि पाय उचलत नाही. मी पुढे झालो तर काकीने मला मागे सारलं. "ओढू नको तेका. अरे घाटयेर चलता तो, धा पायऱ्यो एकटो चढता, मगे पडवीत कित्याक अडाकता? तेका पाय खंय टाकूचो ता दिसाक होया." आणि कोनाड्यातला माडाचा एक हीर काढून तिने त्याच्या पायासमोर आडवा ठेवला. नुसता हीर, काडी. आजोने खाली बघितलं. उजवा पाय उचलला, काडीच्या पलीकडे टाकला, मग डावा, मग उंबरा ओलांडला जसा काही कधी अडकलाच नव्हता, आणि आत येऊन सगळ्यांकडे रागाने बघत म्हणाला,

"माका सोडून आरती सुरू केल्यात?"